प्रतिसाद: थॅडियस स्टीव्हन्सला नुसता सूड हवा होता?

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की थॅडियस स्टीव्हन्सला (गुलामगिरीचा कट्टर विरोधक असलेला अमेरिकन काँग्रेस सदस्य) यादवी युद्धात हरलेल्या, गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा फक्त सूड घ्यायचा होता. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या (1861-65) कितीतरी आधीचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला स्टीव्हन्स बघा.

गेटिसबर्गला वकिली करताना 1821 मध्ये त्यानं एका गुलाम-मालकाची बाजू मांडून खटला जिंकला आणि चॅरिटी बटलर ही स्त्री गुलामीतच राहिली. हा डाग पुसता येणार नाही. पण पुढे तोच माणूस पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनं खटले लढला. पेनसिल्व्हेनियाची 1838 ची राज्यघटना काळ्या पुरुषांचा मताधिकार काढून घेत होती, म्हणून त्यानं तिच्यावर सही केली नाही. तेव्हा कुठलं युद्ध आणि कसला सूड?

त्याआधी 1835 मध्ये पेनसिल्व्हेनियातला मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायची वेळ आली होती. विधानसभेत त्याच्या भाषणानं वारं फिरलं. (जन्मतः पाय अधू, घरची गरिबी, आईच्या कष्टांवर शिक्षण, हा विषय त्याच्या किती जवळचा असेल!)

युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीतला त्याचा वाटा सगळे सांगतात. दक्षिणेतल्या बंडखोर जमीनदारांच्या जप्त जमिनीतून, गुलामीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याची त्याची मागणी मात्र काँग्रेसनं मानली नाही, आणि माझ्या मते पुनर्रचनेचा (युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्यानं बसवण्याच्या काळाचा) पाया तिथेच कच्चा राहिला.