अनुभव धागा: लहान मुलांना भूगोल शिकवताना

पहिली ते चौथीच्या मुलांना दिशा, नकाशा आणि पृथ्वीगोल शिकवताना काय उपयोगी पडले आणि मुलांनी कोणत्या प्रश्नांनी अडवले, ते शिक्षकांनी व पालकांनी येथे लिहावे. पाठ्यपुस्तकांवरील टीका शक्यतो टाळावी.

तिसरीची शिक्षिका: भिंतीवरच्या नकाशात उत्तर दिशा वरच्या बाजूला असते, त्यामुळे उत्तर म्हणजे आकाशाकडची दिशा, अशी समजूत बऱ्याच मुलांच्या मनात घट्ट बसलेली असते. पाणी खाली जाते, म्हणून सगळ्या नद्या दक्षिणेकडेच वाहतात, असे एका मुलीने ठामपणे सांगितले. नाईल उत्तरेकडे वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळते हे दाखवल्यावर, नकाशा उलटा तर टांगलेला नाही ना, असा तिचा प्रश्न आला. आता मी होकायंत्राने उत्तर दिशा ठरवून नकाशा त्याप्रमाणे फरशीवर पसरते आणि मुलांना भोवती बसवते. नकाशातील पूर्वेवर बोट ठेवायचे आणि मान वळवून खऱ्या पूर्वेकडे पाहायचे, एवढाच पहिला धडा. (होकायंत्र लोखंडी बाकावर ठेवू नये, काटा भलतीकडेच वळतो.)

दुसरीचे शिक्षक: वर्गाचा आराखडा काढायला सांगितला की मुले बाके चारही पायांसकट काढतात. वरून पाहणे म्हणजे काय, हे तोंडी सांगून समजत नाही. खोडरबर कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि खोडरबर उचलायचे. कागदावर उरतो तो त्याचा आराखडा. प्रमाण हा विषय मात्र या वयात घाईने घेऊ नये.

एक पालक: ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ हे वाक्य मुलीला पाठ होते. हिवाळ्यात सूर्य खिडकीच्या दुसऱ्याच कोपऱ्यातून उगवू लागला, तेव्हा पूर्व सरकली, असे तिने जाहीर केले. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारासच. आम्ही अंगणात काठी रोवली. काठीची सावली दुपारी सर्वांत आखूड होते तेव्हा ती उत्तर-दक्षिण रेषेवर असते, आणि ती वेळ घड्याळातल्या बाराशी जुळेलच असे नाही, हे तिला स्वतःच्या खुणांवरून पटले.

निवृत्त शिक्षक: पृथ्वीगोल पहिलीतच आणावा, असे मला वाटत नाही, स्वतःच्या वर्गाचा आराखडा न समजलेल्या मुलाला तो केवळ फिरवायला आवडतो. चौथीत मात्र तो हवाच. काही सपाट नकाशांत ग्रीनलँड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे, आणि हे पृथ्वीगोलावर पारदर्शक कागद ठेवून मुले स्वतः ताडून पाहू शकतात. ‘खालची माणसे पडत का नाहीत?’ हा प्रश्न दरवर्षी येतोच. कागदी बाहुल्या गोलावर चहूकडे पाय टेकवून चिकटवाव्यात आणि प्रत्येकीची ‘खाली’ कुठे, ते विचारावे. सगळ्यांची बोटे गोलाच्या मध्याकडे वळतात.

विशेष शिक्षिका: दृष्टिहीन मुलांसाठी मी नदीच्या जागी सुतळी आणि डोंगराच्या जागी पुठ्ठ्याचे थर चिकटवून नकाशे करते. उंची वाढेल तसा वरचा थर लहान होतो. डोळस मुलेही हेच नकाशे मागून घेतात, त्यामुळे सुतळी वरचेवर बदलावी लागते.