पिल्लाची शी-शू आणि क्रेटची सवय : अनुभव धागा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिला वाद नावावरून होतो आणि दुसरा फरशीवरून. हा धागा दुसऱ्या वादासाठी. लाडाचे किस्से आणि फोटो यांच्यासाठी वेगळी जागा आहे. इथे काय करायचं, किती वेळाने, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहा. क्रेटच्या, म्हणजे कुत्र्याला ठेवायच्या पिंजऱ्याच्या, बाजूचे आणि विरोधातले, दोघांचंही स्वागत. दुसऱ्याचं म्हणणं पटलं नाही तर कारणासकट खोडून काढा.

* * *

सुरुवात वेळेपासून करते. पिल्लू किती तास धरू शकतं याचा ठोकताळा असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. पण ही वरची मर्यादा झाली, तीही पिल्लू स्वस्थ पडलेलं असताना. जागं असलेलं, धुडगूस घालणारं पिल्लू अर्ध्या तासातही शू करतं. म्हणून नुसतं घड्याळ बघून भागत नाही, प्रसंग पकडावे लागतात. झोपेतून उठल्या उठल्या. खाणं झाल्यावर ५ ते ३० मिनिटांच्या आत. भरपूर पाणी प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. खेळ संपला की, आणि बऱ्याचदा खेळाच्या मधेच. घरात कुणी आलं आणि नाचानाच झाली की. आणि रात्री झोपायच्या आधी.

पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याला चालना मिळते, त्यामुळे खाण्यानंतरची शी जवळपास ठरलेली असते. तिचा फायदा घ्यायचा तर खाण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चारदा द्या, १५ मिनिटांनी उरलेलं उचला. भरलेला वाडगा दिवसभर समोर असेल तर शीची वेळ कधीच हाती लागत नाही.

पाण्यात मात्र हात आखडता घेऊ नका. मोठ्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, पिल्लांना त्याहून जास्त. झोपायच्या दीड-दोन तास आधी वाडगा उचलला तर हरकत नाही, पण उकाडा असेल किंवा जुलाब होत असतील तर तेही नको.

एक वही ठेवा. खाल्लं कधी, शू कधी, शी कधी, चूक कुठे झाली. आठवडाभराच्या नोंदी बघितल्या की पिल्लाचं स्वतःचं वेळापत्रक दिसायला लागतं आणि निम्मी धावपळ वाचते.

* * *

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. बाहेर नेल्यावर काय करायचं हे बहुतेक जण सांगतच नाहीत आणि गाडी तिथेच अडते.

पट्टा लावूनच न्या, अगदी स्वतःच्या अंगणातसुद्धा. मोकळं सोडलेलं पिल्लू पानं, मुंग्या, काड्या बघण्यात रमतं आणि आत आल्यावर चटईवर बसतं. रोज एकाच जागी न्या, म्हणजे आधीचा वास काम करतो. तिथे झाडासारखे उभे राहा. बोलू नका, खेळू नका, फोन खिशात. पाच मिनिटं द्या. झालं तर झालं. नाही झालं तर आत आणून दहा-पंधरा मिनिटं क्रेटमध्ये किंवा मांडीवर ठेवा आणि पुन्हा बाहेर. या मधल्या वेळात फरशीवर मोकळं सोडणं हीच सगळ्यात नेहमीची चूक.

शू सुरू झाली की हळू आवाजात एकच ठरलेला शब्द म्हणा, 'शू कर' किंवा काहीही, पण घरातल्या सगळ्यांचा तोच. काही आठवड्यांनी तो शब्द ऐकून कुत्रा बसायला लागतो. पावसात आणि प्रवासात याची किंमत कळते. खाऊ द्यायचा तो शू संपल्यावर दोन सेकंदांच्या आत, तिथेच. तो खिशातच हवा. घरात येऊन डबा उघडून दिलात तर पिल्लाच्या लेखी ते बक्षीस घरात येण्याचं.

पुष्कळ पिल्लं एका वेळी मूत्राशय पूर्ण रिकामं करत नाहीत. पहिली शू झाली तरी दोन-तीन मिनिटं थांबा, दुसरी होते. आणि झाल्या झाल्या आत आणू नका. पाच मिनिटं तिथेच खेळा किंवा फिरवा. शू केली की मजा संपते हे कळलं तर हुशार पिल्लू धरून ठेवायला शिकतं.

* * *

क्रेटबद्दल. माप आधी. कुत्र्याला डोकं न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून कुशीवर झोपता आलं पाहिजे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि साधारण १० सेंटिमीटर वाढवा. पिल्लासाठी यापेक्षा मोठा क्रेट घेतला तर ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्यात झोपतं, मग क्रेटचा उपयोगच संपला. मोठं होणारं पिल्लू असेल तर पूर्ण वाढीच्या मापाचा तारेचा क्रेट घ्यावा, ज्यात आतली आडजाळी सरकवता येते, आणि वाढेल तशी जागा वाढवावी. प्लास्टिकचा क्रेट बुजऱ्या कुत्र्यांना आवडतो पण आत उकडतं. कापडी क्रेट सवय नसलेल्या पिल्लासाठी घेऊच नये, एका दुपारीत फाडतं.

सवय लावताना दार पहिले दोन-तीन दिवस बंदच करायचं नाही. तारेचं दार हलून आवाज करतं आणि पिल्लू दचकतं, म्हणून ते दोरीने मागे बांधून टाका. आत खाऊचे तुकडे टाकत राहा, आधी उंबऱ्याशी, मग मधे, मग मागच्या भिंतीशी. पिल्लाला ढकलू नका, उचलून आत ठेवू नका. मग रोजचं खाणं आत द्या. ते चारही पाय आत ठेवून निवांत खायला लागलं की खाताना दार लोटा आणि शेवटचा घास संपायच्या आत उघडा. पुढच्या वेळी खाऊन झाल्यावर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. दर वेळी वाढवत नेऊ नका. पाच मिनिटांनंतर एखाद वेळी मुद्दाम एकच मिनिट ठेवा. पाच मिनिटं शांत राहिलं की तुम्ही नजरेआड व्हायला सुरुवात करा, आधी खोलीतच फिरा, मग दाराबाहेर जाऊन लगेच परत या. रबरी पोकळ खेळण्यात ओलं खाणं भरून ते गोठवलं की चाटायला वीस-एक मिनिटं जातात. ही वेळ लांबवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

आत ठेवताना गळपट्टा काढा. त्याचा बिल्ला तारेत अडकून गळफास बसू शकतो. हे ऐच्छिक नाही.

दिवसा मोठ्या कुत्र्यालाही सलग चार-पाच तासांहून जास्त नको. शिक्षा म्हणून आत कोंडायचं तर अजिबातच नाही, आणि कुत्रा आत असताना मुलांनी बोटं घालायची नाहीत.

* * *

क्रेटविरोधी मत नोंदवतो, निदान अर्धं. घरात आठ-नऊ तास कुणी नसेल तर क्रेट हा उपाय नाही. त्या पिल्लाला धरणं शरीरानेच शक्य नसतं. ते आत शू करतं आणि ओल्यात झोपायची सवय लागते. ही सवय मोडणं फार जड जातं. अशा घरात जाळीचं मोठं कुंपण घाला: एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला शूची जागा. आणि दुपारी कुणीतरी येण्याची सोय करा.

दुसरी गोष्ट लसींची. पिल्लांच्या लसींचा क्रम साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालतो आणि पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या आजाराचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. तोवर इतर कुत्रे जिथे शी करतात तिथे पिल्लाला उतरवू नये. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना घरातच शूचा ट्रे वापरावाच लागतो, त्यात कमीपणा काही नाही. पण ट्रेमध्ये काय घालता ते महत्त्वाचं. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं होईपर्यंत पायाखालच्या स्पर्शावरून जागेची आवड ठरवायला लागलेलं असतं. कापडी पॅडवर शिकवलंत तर पायपुसणं, गालिचा, पडलेला टॉवेल हे सगळं त्याला सारखंच वाटतं. ट्रेमध्ये खऱ्या गवताचा तुकडा घाला, म्हणजे पुढे बाहेर नेल्यावर ओळख पटते. कागदच वापरायचा असेल तर वरचे ओले काढताना खालचा किंचित वासाचा एक ठेवा, आणि बाहेर न्यायची वेळ आली की तसाच एखादा कागद बाहेरच्या जागी अंथरा. ट्रे दाराकडे सरकवायचा तर एका वेळी हातभरच.

* * *

साफसफाई. आपल्याला वास येत नाही म्हणजे कुत्र्याला येत नाही असं नसतं.

आधी टिपा, घासू नका. सुका कागद किंवा जुनं कापड ठेवून वर पाय देऊन उभे राहा, दोन-तीनदा बदला. घासल्याने गालिच्यात शू पसरते आणि खाली झिरपते. मग एन्झाइमवालं (शूचे घटक मोडणारं) क्लीनर, तेही जिथवर शू झिरपली तिथवर पोहोचेल इतकं. डब्यावर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, मग वाऱ्यावर वाळू द्या. शूमधलं युरिक आम्ल साध्या साबणाने निघत नाही, दमट हवेत वास पुन्हा वर येतो, म्हणून हा खटाटोप. आधी फिनेल किंवा जंतुनाशक मारून मग एन्झाइम टाकलं तर एन्झाइमचं काम बिघडतं. अमोनियाचं क्लीनर तर नकोच, त्याचा वास शूच्या वासाच्या जवळचा. आणि ब्लीच शूवर ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो.

एकाच खोलीत चुका होत राहिल्या तर रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवा. सोफ्याच्या मागे, पडद्याच्या खालच्या शिवणीवर पिवळट डाग चमकतात.

* * *

नाक शूमध्ये घासणं, ओरडणं, वर्तमानपत्राची सुरळी: यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करू नये. मग ते पलंगामागे जाऊन करतं, आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्यासमोर करायलाही घाबरतं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. करताना दिसलं तर टाळी वाजवा, उचला, बाहेर न्या. आधीच होऊन गेलं असेल तर गुपचूप पुसा.

* * *

वरच्याला +१. त्याआधीच्या खुणा ओळखा: खेळता खेळता एकदम थबकणं, नाक जमिनीला लावून छोटे गोल, भिंतीच्या कडेने जाणं, खोलीबाहेर सटकणं. नजर ठेवणं जमत नसेल तेव्हा पट्टा कमरेला बांधा, पिल्लू दीड-दोन मीटरच्या पलीकडे जाणार नाही. आणि नर पिल्लू पाय वर करायची वाट बघू नका, लहानपणी तेही खालीच बसतं.

* * *

रात्रीचं कुणी लिहिलं नाही. क्रेट पहिले काही आठवडे बिछान्याशेजारी, हात पोचेल असा ठेवा. वेगळ्या खोलीत ठेवलेलं पिल्लू एकटेपणाने रडतं आणि शूचं रडणं कुठलं ते कळेनासं होतं. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी रडण्याची वाट न बघता साधारण तीन तासांनी गजर लावा. नेताना दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही. शू, खाऊ, परत आत. काही रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटांनी पुढे. पिल्लू शांत झोपलेलं असताना उठवलं तर रडण्याला बक्षीस मिळत नाही, हा गजराचा खरा फायदा.

शू होऊनही कुरकुर चालू असेल तर जाळीतून बोटं टेकवा आणि गप्प राहा. पण कुत्रा आत धापा टाकतोय, लाळेने छाती भिजलीये, दार चावून दात-नखं दुखावतोय, तर ती कुरकुर नाही, घबराट आहे. 'रडून रडून गप्प बसेल' हा सल्ला तिथे लावू नका. क्रेट वापरणं थांबवा आणि एकटेपणाच्या भीतीवर वेगळं काम करा.

* * *

शिकवण्याचा दोष नसून तब्येतीचा असतो, अशी प्रकरणं बरीच. दर दहा मिनिटांनी थेंब थेंब, कुंथणं, रक्त किंवा उग्र वास: मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, लघवीची तपासणी करा. मादी पिल्लू चालताना, झोपेत सतत गळत असेल तर जन्मजात मूत्रनलिका चुकीच्या जागी उघडत असू शकते. नसबंदी झालेल्या मोठ्या मादीचं अंथरूण झोपेत ओलं होणं हा स्नायूंचा ढिलेपणा, त्यावर औषध आहे. वर्षानुवर्षं नीट असलेला म्हातारा कुत्रा अचानक घरात करू लागला आणि पाणीही जास्त पितोय, तर मूत्रपिंड आणि साखर तपासा.

कुणी वाकून हात पुढे केला की कान मागे, अंग चोरून शू: ही दबून केलेली शू आहे. रागावलात की वाढते. बाजूला वळून खाली बसा, थेट डोळ्यांत बघू नका, डोक्यावरून हात न आणता हनुवटीखालून न्या. बहुतेक पिल्लांचं वयाबरोबर जातं.

* * *

प्रश्न : क्रेटचं माप बरोबर, वेळा बरोबर, तरी पिल्लू आतच शू करतं आणि त्यावरच झोपतं. काय करायचं?

* * *

ते आधी कुठे वाढलं ते बघा. जन्मापासून पिंजऱ्यातच राहिलेल्या पिल्लाला झोपायची आणि घाण करायची जागा वेगळी असते हे शिकायला मिळालेलंच नसतं. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली की स्वतःहून अंथरुणापासून दूर सरकून शू करू लागतात, पण सरकायला जागाच नसेल तर ती सवय दबते.

आधी लघवी तपासून घ्या. मग क्रेटचं दार बंद करणं पूर्ण थांबवा. क्रेट जाळीच्या कुंपणात उघडा ठेवा, दुसऱ्या टोकाला गवताचा ट्रे. आतली गादी काढा, कारण शोषून घेणारी गादी असेल तर पिल्लाला ओलं लागतच नाही. काही दिवस नुसता प्लास्टिकचा तळ किंवा पातळ रबरी चटई. क्रेट एन्झाइमने धुवा, तळाचा ट्रे उचलून खालच्या तारासुद्धा. जेवण क्रेटमध्येच द्या. बाहेर न्यायचं दर पाऊण तासाने, आणि सलग दोन आठवडे आत कोरडं राहिल्यावरच दार पुन्हा लोटायला लागा, पहिल्यांदा दहा मिनिटांहून कमी, तेही शू झाल्यानंतर लगेच.