‘ओळख रद्द झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

मूळ मत

एका एजंटची (आपोआप कामे करणाऱ्या प्रोग्रामची) गुप्त किल्ली चुकून कोडबरोबर रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) गेली, म्हणून मी त्याची ओळख तातडीने रद्द केली. स्क्रीनवर ‘ओळख रद्द झाली’ अशी ओळ आली आणि मी निर्धास्त झाले. नंतर लॉग उघडला, तेव्हा तोच एजंट पुढची ४१ मिनिटे डेटाबेसमध्ये नोंदी करत होता असे दिसले. ओळख सांभाळणाऱ्या साधनाने एजंटला नवी टोकन (ठरावीक मुदतीचे डिजिटल प्रवेशपास) देणे थांबवले होते. पण आधी दिलेल्या टोकनची मुदत एक तासाची होती आणि डेटाबेसपुढचा सर्व्हर त्यावरची स्वाक्षरी व मुदत एवढेच पाहत होता, टोकन रद्द झाले आहे का हे तो कोणालाही विचारत नव्हता. जेडब्ल्यूटी, म्हणजे अशी स्वाक्षरी असलेली टोकन, बहुतेक ठिकाणी अशीच तपासली जातात, त्यामुळे हा बिघाड म्हणता येणार नाही. माझी तक्रार ओळख रद्द करणाऱ्या कमांडच्या मदतीच्या मजकुरात असलेल्या एकुलत्या एका वाक्याबद्दल आहे: ‘एजंटची ओळख रद्द करते.’ रद्द केल्यावरही प्रवेश जास्तीत जास्त किती वेळ टिकू शकतो, कशाला हात लागत नाही आणि ही कृती मागे घेता येते का, या तीन गोष्टी त्याच जागी लिहिलेल्या असल्या पाहिजेत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. रोग मुदतीत आहे आणि आपण औषध मदतीच्या मजकुराला देत आहात. संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या वेबच्या प्रमाणपत्रांचा अनुभव पाहा: प्रमाणपत्र रद्द झाले आहे का, हे ओसीएसपी या ऑनलाइन तपासणीने विचारल्यावर उत्तर आले नाही, तर ब्राउझर सहसा ‘ठीक आहे’ असे धरून पुढे जात, म्हणजे नेमक्या हल्ल्याच्या वेळी तपासणी निकामी होत असे. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये ही सेवाच बंद केली, आणि सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. एजंटला दहा मिनिटांचे टोकन द्या, म्हणजे रद्द करण्याचा प्रश्न फारसा उरत नाही.

मूळ मत मांडणारीचे उत्तर

उरतो. दहा मिनिटांनी तोच एजंट रिफ्रेश टोकन दाखवून नवे टोकन घेऊन जातो. ते दार बंद करण्यासाठी रद्द करावेच लागते. शिवाय माणूस दहा मिनिटांत जेमतेम दोन फॉर्म भरतो, एजंट शेकडो विनंत्या पाठवतो. मुदत कमी करावी हे मान्य, पण ती किती आहे हे घाईत कमांड टाइप करणाऱ्याला कुठे दिसणार?

प्रतिसाद २

मी अशी साधने लिहितो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. टोकन स्वीकारणारे सर्व्हर माझ्या ताब्यात नसतात. मी ‘कमाल एक तास’ असे लिहिले आणि एखाद्या सर्व्हरने परवानगीचा निकाल चार तास कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवला, तर माझे दस्तऐवज खोटे ठरते. आणि माझ्या मते खोट्या दस्तऐवजापेक्षा अपुरे बरे. मानकेही मोघम आहेत. ओऑथ या प्रवेश-परवानगीच्या पद्धतीतले टोकन रद्द करण्याचे २०१३ चे मानक, आरएफसी ७००९, असे सांगते की टोकन अवैध असले तरी सर्व्हरने २०० हेच यशाचे उत्तर द्यावे.

मूळ मत मांडणारीचे उत्तर

हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. टोकन चिकटवताना शेवटची दोन अक्षरे सुटली, उत्तर २०० आले, आणि खरे टोकन शाबूत राहिले. हे वापरणाऱ्याला कोणी सांगायचे?

प्रतिसाद २

मानकाच्या बाजूने एक सांगतो: टोकन चालू नये हाच क्लायंटचा हेतू असतो आणि अवैध टोकन तसेही चालत नाही, त्यामुळे प्रोग्रामला त्रुटी कळवून उपयोग नसतो. मात्र कीबोर्डवर बसलेल्या माणसाला हा युक्तिवाद लागू होत नाही, हे मी मान्य करतो.

प्रतिसाद ३

दोघेही ‘रद्द’ हा शब्द एकाच अर्थाने वापरत आहात, आणि घोळ तिथेच आहे. प्रमाणपत्रांच्या आरएफसी ५२८० मध्ये ‘होल्ड’ हे कारण वेगळे ठेवले आहे; होल्ड उठवता येतो, किल्ली उघड झाल्यामुळे रद्द केलेले प्रमाणपत्र मात्र पुन्हा चालू करता येत नाही. एजंटांच्या साधनांत ‘थांबवा’, ‘रद्द करा’ आणि ‘काढून टाका’ ही तीन बटणे शेजारी असतात आणि फरक कुठेच लिहिलेला नसतो. त्या एजंटने पुढे नेमलेल्या उप-एजंटांचे काय होते, याबद्दल तर बहुधा अवाक्षरही नसते.

प्रतिसाद २

उप-एजंटांचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी माझ्या साधनातला संदेश असा बदलतो: ‘नवी टोकन देणे थांबवले. आधी दिलेल्यांपैकी शेवटचे १४:३२ ला संपेल. या एजंटने नेमलेले ३ उप-एजंट अजून चालू आहेत.’ ही माहिती माझ्याकडे असते, म्हणून ती मी छापीन. स्वीकारणाऱ्या सर्व्हरांच्या कॅशची हमी मात्र माझ्या मदतीच्या मजकुरात येणार नाही. ती ज्यांनी कॅश ठेवली त्यांनी लिहावी.

मूळ मत मांडणारीचे उत्तर

निदान ‘कॅशची हमी आम्ही देत नाही’ एवढे तरी त्याच संदेशात छापा. त्या दिवशी मला तेवढे दिसले असते, तरी मी डेटाबेसचा पासवर्ड लगेच बदलला असता.