ओमनीचा मागचा डावा ब्रेक धरतोय, कुठून बघायला सुरुवात करू?

कळंबा_रोड:
गाडी 2006 ची ओमनी, मागे ड्रम ब्रेक. गोकुळ शिरगावहून शहरात आलं की मागचं डावं चाक चटका बसेल इतकं तापतं, उजवं कोमट असतं. रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रल केली तर गाडी लवकर थांबते. अर्धा तास उभी राहिली तरी धरलेला ब्रेक सुटत नाही. गॅरेजमध्ये शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे) ढिले करून दिले, चार दिवसांत पुन्हा तेच. होज (ब्रेक ऑईलची रबरी नळी) बदलू, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा) बदलू की शू? एकदाच काय तो खर्च करायचाय.

पन्हाळा_चढ:
आधी होज पाईप बदला. जुना होज आतून फुगतो, ऑईल जाताना जातं, परत येत नाही. बरोबर मास्टरचं किटही (आतले रबरी वॉशर) टाका.

उद्यमनगर_लेथ:
होज तसा बिघडतो हे खरं आहे, पण इथे लागू होत नाही. ओमनीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. खाली वाकून बघा. बॉडीकडून अ‍ॅक्सलवर एकच होज उतरत असेल आणि तिथून दोन्ही चाकांना लोखंडी पाईप जात असतील, तर होज किंवा मास्टर बिघडल्यावर दोन्ही चाकं धरली पाहिजेत. एकच चाक धरतंय म्हणजे दोष त्या ड्रमच्या आत किंवा त्या बाजूच्या हँडब्रेक केबलमध्ये. दुसरी खूण वेळेची. अडकलेल्या प्रेशरने धरणारा ब्रेक गाडी थंड झाली की बहुतेक वेळा सुटतो, कारण तापून वाढलेलं ऑईल आकसतं. तुमचा अर्ध्या तासानेही सुटत नाही. पैसे घालण्याआधी तपासणी करा, ती फुकट आहे.

सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण सोडलेला. मागची बाजू जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर खाली हात घालू नका. डावं चाक हाताने फिरवा. डिफरन्शियलमुळे थोडा एकसारखा जडपणा येणारच, त्याला ब्रेक समजू नका. शूवरचं लायनिंग घासल्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर ड्रम ओव्हल आहे. पूर्ण फेराभर घासत असेल तर पुढे जा.

हँडब्रेक केबलचा नट पूर्ण ढिला करा. चाक सुटलं तर केबल. नाही सुटलं तर चाकामागच्या निप्पलवर (हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून अर्धा फेरा उघडा. ऑईलची पिचकारी आली आणि चाक सुटलं तर प्रेशर अडकलंय. तसं नसेल तर ड्रम उघडायचा.

पन्हाळा_चढ:
बरोबर आहे, एका चाकाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. एक भर घालतो, दोन्ही मागची चाकं धरत असतील त्यांच्यासाठी. निप्पलने सुटतं हे कळल्यावर निप्पल बंद करा, पेडल दाबून पुन्हा धरवा आणि आता मास्टरजवळचा मागच्या लाईनचा नट सैल करा. इथे सुटलं तर दोष मास्टरमध्ये, इथे न सुटता चाकाजवळच सुटलं तर होजमध्ये. आणि मास्टर बदलण्याआधी पेडल पूर्ण वर येतं का ते बघा. ब्रेक लाईटचा स्विच जास्त आत बसवलेला असला तर पेडल थोडं दाबलेलंच राहतं, मास्टरमधलं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि ऑईल टाकीत परत जात नाही. नवं मास्टर टाकूनही दोष तसाच राहतो तो यामुळे.

कळंबा_रोड:
केबल सोडली, फरक नाही. निप्पल उघडला, थेंब थेंब आलं, चाक तसंच जड. उजवं मोकळं आहे. ड्रम निघत नाहीये, हातोडीने मारू का?

उद्यमनगर_लेथ:
ड्रमच्या कडेवर मारू नका, बीड (ओतीव लोखंड) फुटतं. तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत 8 मिमीचे बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. आटे गंजलेत तर आधी गंज सोडवणारं ऑईल मारून रात्रभर ठेवा.

आतली भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी मारून ओली करा आणि फडक्याने पुसा. उजवा ड्रम बंदच ठेवा, स्प्रिंग कुठल्या भोकात हे विसरलात तर तोच नमुना.

शिरोली_शेड:
उघडल्यावर चार जागा बघा. व्हील सिलिंडरचं (ड्रमच्या आत पिस्टनने शू ढकलणारा) रबरी बूट बोटाने उचला. आत नुसता ओलसरपणा चालतो, ऑईल वाहत असेल तर सिलिंडर गेला. मग एक शू हाताने आत ढकला. पिस्टन दोन्ही बाजूंनी सारखा सरकायला हवा, एक बाजू दगडासारखी असेल तर तो गंजून अडकलाय.

बॅकिंग प्लेटवर (शूमागची पत्र्याची थाळी) शू जिथे टेकतो तिथे प्रत्येक शूखाली तीन उंचवटे असतात. तिथे नख फिरवा. खाच लागली तर शूची कड त्या खाचेत जाऊन बसते आणि स्प्रिंग ओढत असूनही परत येत नाही. हा दोष बहुतेक जण बघतच नाहीत, म्हणून नवे शू टाकूनही ब्रेक धरतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फट दिसली तर ती ताणली गेलीय, बदला. हँडब्रेकचा शूवरचा लिव्हर मागे टेकतो का तेही बघा.

कळंबा_रोड:
सापडलं. खालच्या दोन उंचवट्यांवर खोल खाच आहे आणि सिलिंडरचा पुढचा पिस्टन हलत नाही. किट टाकून भागेल का?

शिरोली_शेड:
सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे असतील तर किट टिकत नाही. पूर्ण सिलिंडर घ्या. शू दोन्ही चाकांचे एकदम बदला, एका बाजूचे बदलले तर गाडी ओढते. शिवाय स्प्रिंगचा सेट आणि अर्धा लिटर डॉट 3 ऑईल. सीलबंद डबाच घ्या, उघडा राहिलेला हवेतलं पाणी शोषतो. नवं डॉट 3 किमान 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं 140 लाच उकळू शकतं. गगनबावड्याकडे घाट उतरणाऱ्या गाडीला हा फरक जिवावरचा आहे. इंजिन ऑईल किंवा साधं ग्रीस रबराजवळ नेऊ नका, वॉशर फुगतात आणि पिस्टन पुन्हा अडकतो.

खाच वेल्डने भरून कानसीने सपाट करता येते. उंची जास्त ठेवली तर शू तिरका बसतो, म्हणून चांगल्या उंचवट्याशी पट्टी लावून मोजा. प्लेट फार खाल्ली असेल तर बदला. सहाही उंचवट्यांवर ब्रेकसाठीचं जास्त तापमानाचं ग्रीस, तेही ज्वारीच्या दाण्याएवढंच.

उद्यमनगर_लेथ:
ड्रम लेथवर घ्यायचा असेल तर त्यावर कोरलेला कमाल व्यास आधी वाचा. त्याच्या पुढे गेलेला ड्रम टर्न करू नका, बदला.

बसवतानाचा क्रम सांभाळा. केबल ढिलीच ठेवून ड्रम चढवा. ब्रेक लाईनमधली हवा काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबा, अ‍ॅडजस्टरचा (शू आणि ड्रममधली फट आपोआप जुळवणारा) खट् आवाज थांबेपर्यंत. चाक जेमतेम घासल्यासारखं पण मोकळं फिरलं की मगच हँडब्रेक, पाच ते सात खट्‌ला धरेल असा. आधी केबल ओढलीत तर लिव्हर मागे टेकत नाही, अ‍ॅडजस्टर चुकतो आणि दोष परत येतो. तुम्हाला नुसते शू ढिले करून दिले, खाच आणि अडकलेला पिस्टन तसाच राहिला, म्हणून ते टिकलं नाही.

मग कमीत कमी ब्रेक मारत सहा-सात किलोमीटर चालवा आणि दोन्ही ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. दोन्हीकडे थेंब सारखेच बसले पाहिजेत. एका बाजूला चर्र झालं तर पुन्हा उघडा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला गंजून चिकटतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.