‘डाय-हार्ड’ : गौरव की ठपका?

धागाकर्ता : हट्टी माणसासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही, पण त्यांतला ‘डाय-हार्ड’ हा शब्द आपण अन्यायाने वापरतो, असे माझे मत आहे. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील आल्बुएरा येथे नेपोलियनच्या फौजेशी झालेल्या लढाईत ब्रिटिशांच्या ५७व्या पायदळ पलटणीचा कर्नल विल्यम इंग्लिस जबर जखमी झाला, तरी तो पिछाडीला न जाता निशाणापाशीच राहिला आणि ‘डाय हार्ड, फिफ्टी-सेव्हन्थ, डाय हार्ड!’ (सत्तावन्नाव्या पलटणीनो, झुंजत मरा!) असे ओरडून शिपायांना धीर देत राहिला. पलटणीचे निम्म्याहून अधिक लोक कामी आले किंवा घायाळ झाले. मेलेले शिपाई लढताना होते तसेच रांगेत पडले होते आणि प्रत्येक जखम समोरून झालेली होती, असे सेनापती बेरेसफर्डने खलित्यात नोंदवले. असे कमावलेले बिरुद आज कोणत्याही दुराग्रही माणसाला चिकटवले जाते.

कोशवाचक : बिरुद पलटणीचे, शब्द मात्र तिचा नव्हे. फ्रान्सिस ग्रोसच्या कोशावर बेतलेला बाजारू इंग्रजीचा एक कोश नेमका १८११ मध्येच निघाला. त्यात या शब्दांचा अर्थ फाशीच्या वेळी भीती वा पश्चात्ताप न दाखवता मरणे असा दिला असून, टोळीची अब्रू राहावी म्हणून जुने साथीदार गुन्हेगाराला हाच सल्ला देतात, अशी मार्मिक पुस्तीही जोडली आहे. तेव्हा चूक कबूल न करण्याचा ताठा या शब्दात पूर्वीपासूनच होता.

तिसरा पक्ष : आपण दोघेही उगमापाशीच अडकला आहात. या शब्दाला राजकारणातला आजचा रंग चढला तो १९११ साली, ब्रिटिश संसदेतील उमराव सभेचा (हाउस ऑफ लॉर्ड्सचा) नकाराधिकार मर्यादित करणाऱ्या विधेयकाच्या वेळी. विरोध मोडण्यासाठी हवे तितके नवे उमराव नेमण्यास राजा तयार आहे, हे ठाऊक असूनही ८७ वर्षांच्या लॉर्ड हॅल्सबरीच्या मागे उभ्या राहिलेल्या गटाने माघार घेतली नाही. त्यांना ‘डाय-हार्ड’ म्हणू लागले. १० ऑगस्टला विधेयक १३१ विरुद्ध ११४ मतांनी संमत झाले. पलटणीने हट्टाची किंमत जिवाने मोजली, उमराव मतदान आटोपून घरी गेले. जोखीम गळून नुसता हट्ट उरला, तेव्हाच हा शब्द ठपका झाला.

धागाकर्ता : जोखीम नव्हती, हे मान्य नाही. विधेयक पडले असते तर नव्या उमरावांची रीघ लागून या गटाच्या पक्षाचे बहुमत कायमचे बुडाले असते. पदरचे काही न गमावता तत्त्व सांगणे निराळे. इथे तर सभागृहच पणाला लागले होते.

तिसरा पक्ष : पणाला लागले होते खरे, पण ते एकट्या त्यांचे नव्हते. त्यांच्याच पक्षाचे उमराव सभेतील नेते लॉर्ड लॅन्सडाऊन यांनी, हीच आपत्ती टाळण्यासाठी, तटस्थ राहण्याचा सल्ला दिला होता. इंग्लिस निदान स्वतः निशाणापाशी पडून होता.