आर्च मॅनिंगची तुलना कोणत्या विन्स यंगशी?

टेक्सस विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) आर्च मॅनिंग हा त्याच संघाचा जुना क्वार्टरबॅक विन्स यंगसारखा कधीच होणार नाही, असं एक मत मांडलं जातं; ते मला फार घाईचं वाटतं. आपण सगळे विन्स यंग म्हटलं की ४ जानेवारी २००६चा रोझ बोल (राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना) आठवतो: पासवर २६७ यार्ड, धावून २०० यार्ड, १९ सेकंद उरले असताना चौथ्या डाउनवर (म्हणजे शेवटच्या संधीत) स्वतः पळत जाऊन केलेला टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) आणि यूएससीवर (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावर) ४१-३८ असा विजय. पण २००४ चा विन्स आठवा ना! १२ टचडाउन पास आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास). ओक्लाहोमाविरुद्ध तर टेक्ससला एकही गुण मिळाला नव्हता, १२-०. तेव्हाही त्याला रिसीव्हर (पास झेलणारा) करा म्हणणारे होतेच.

आर्चने २०२५च्या हंगामाची सुरुवात थेट ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर केली आणि १४-७ने हरला. त्या एका सामन्यावरून निकाल लावणं अन्याय आहे. आडनावाचं ओझंही आहेच, आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, सगळे नावाजलेले क्वार्टरबॅक.

खरं तर मला त्याच्यात विन्सपेक्षा टेक्ससचाच जुना क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय जास्त दिसावा असं वाटतं. २००८मध्ये कोल्टचे ७६.७ टक्के पास अचूक पडले होते, आणि कारकिर्दीत ४५ विजय! आर्च पळतो छान (२०२४मध्ये यूटीएसए (टेक्सस विद्यापीठ, सॅन अँटोनियो) संघाविरुद्धची ६७ यार्डांची धाव बघा), पण दडपणाखाली पाय स्थिर ठेवून जवळचा, सोपा पास देणं त्याला अजून जमायचंय. कोल्टचं मोठेपण नेमकं तिथेच होतं.