मीटर लाखाच्या पुढं गेलं की गाडी भंगार होते का?

उंब्रजकर
काल इथं एकानं लिहिलं: "लाखाच्या पुढं पळालेली गाडी घेणारा पैसे देऊन दुखणं घरी आणतो. हप्ते काढा, पण नवीच घ्या." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाचून रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कराडला न्यावं लागतं. आधी एसटीनं नेत होतो, आता त्यांना पायरी चढवत नाही. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो, त्याला स्टँडवर ताटकळत ठेवता येत नाही. सांगलीत २०१३ची पेट्रोल वॅगन-आर मिळतेय. एकच मालक, निवृत्त शिक्षक. मीटरवर १,३८,०००. किंमत सांगतायत २ लाख ४०. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल फाइलला लावलेलं आहे.

नवीसाठी पाच लाख कर्ज काढलं तर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं महिन्याला साडेदहा हजार. माझा पगार बावीस. आणि माझं फिरणं महिन्याला फार तर चारशे किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांनी मीटर १,६२,००० दाखवेल. एवढ्यासाठी अर्धा पगार बँकेला द्यायचा?

शेंद्रेकर
ते लिहिणारा मीच. हौसेनं नाही लिहिलं. २०१७ला जुनी डिझेल गाडी घेतली, मीटर ७२,०००. दीड वर्षात पुण्याहून येताना खंबाटकीत रात्री साडेअकराला इंजिन तापून बंद पडली. मागच्या सीटवर बायको आणि सात महिन्यांची पोर, बाहेर पाऊस. क्रेन यायला अडीच तास लागले. हेडचं काम निघालं, ६४ हजार गेले. नंतर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुनी नोंद काढली, तर मी घ्यायच्या दोन वर्षं आधीच ती १,६०,००० पळालेली. त्या रात्रीनंतर मी जुन्या गाडीचं नाव काढत नाही, आणि तुमच्या बाबांना घेऊन तुम्ही रस्त्यात अडकावं असंही मला वाटत नाही.

उंब्रजकर
दादा, वाचून वाईट वाटलं. पण तुम्हाला फसवलं ते कमी मीटरनं! ७२ हजार बघून तुम्ही निर्धास्त झालात. हा माणूस १,३८,००० उघड सांगतोय आणि कागद दाखवतोय. तुमचा अनुभव माझीच बाजू मांडतो.

शेंद्रेकर
कागद काय, बिलंसुद्धा बनवता येतात.

विट्याचा फिटर
बिलावर जाऊ नका. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपात विचारा, त्यांच्या संगणकात प्रत्येक वेळचं मीटर असतं. मालकाला सोबत घ्या म्हणजे सांगायला काचकूच करणार नाहीत.

वीस वर्षं गाड्या खोलतोय. या वॅगन-आरच्या एक लिटरच्या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. ऑइल वेळेवर बदललं असेल तर दोन लाख सहज बघते. मारतं ते न बदललेलं ऑइल. अंगणात चार वर्षं झाकून ठेवलेली चाळीस हजारांची गाडी मी घेणार नाही, रोज तासगावला जाऊन येणारी दीड लाखाची घेईन.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगा, गाडी चालू करू नका. इंजिन थंड पाहिजे. चालू करताना मागं एकजण उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल खाते, सरळ परत फिरा. ऑइलच्या टोपणाला आतून साय धरली असेल तर पाणी मिसळत असू शकतं, नीट तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. क्लच प्लेट, सस्पेन्शन, टायर, बॅटरी यांचे तीस-चाळीस हजार बाजूला ठेवूनच भाव करा.

मिरजवाली
मला एकच विचारायचंय. एमएच १० म्हणजे सांगली पासिंगची गाडी आहे, ऑगस्ट २०१९च्या पुरात ती कुठं उभी होती? सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या भावाची गाडी स्टिअरिंगपर्यंत बुडाली. ती विमा कंपनीनं नेली, आणि वर्षभरानं तीच गाडी नव्या सीटकव्हरसकट विकायला आलेली आम्ही डोळ्यांनी बघितली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गाळाची रेघ राहते. स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. पुरातल्या गाडीचं वायरिंग वर्ष-दोन वर्षांनी कुजायला लागतं आणि मग रोज नवीन दिवा पेटतो. इंजिन कितीही चांगलं असो, ही गाडी नको.

उंब्रजकर
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

विश्रामबागकर
गाडी चांगली असेल हो, पण तिच्यात ओतणार काय? पंपावर ई-२० शिवाय काही मिळतं का? २०१३ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. रबरी नळ्या, सील, फ्युएल पंप सगळ्यावर परिणाम होतो. माझी २०११ची गाडी लिटरला १७ द्यायची, आता १५ वर आली. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि तुमची गाडी आठवड्यातून दोनच दिवस निघणार. जुन्या पेट्रोल गाडीवाल्याचा कुणी विचार केलाय का?

वाळव्याचा ऊसवाला
आला का इथेनॉलवर राग! पेट्रोलसाठी परदेशात पैसा जातो तेव्हा कुणी बोलत नाही. २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. ती १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे, मिळते कधी ते आम्हाला विचारा. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं, तेव्हा माझं बिल दोन महिने लटकलं. पोरीची कॉलेजची फी उसनवारीवर भरली. तुमचं ॲव्हरेज दोननं पडलं म्हणून आमचं इथेनॉल वाईट?

विश्रामबागकर
शेतकऱ्याविरुद्ध मी एक शब्द बोललो नाही. माझा बापही ऊसच लावायचा. पण आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं, त्यात मुख्य मका. उसाच्या नावावर किती दिवस गप्प बसवणार? एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. मग लिटरचा भाव कमी का नाही?

वाळव्याचा ऊसवाला
भाव सरकारला विचारा, मला काय विचारता? सहा-सात टक्के फरक पडतो ते मान्य. पण १७चं १५ म्हणजे बारा टक्के. तेवढं इथेनॉलनं होत नाही, आधी एअर फिल्टर आणि प्लग बघा.

विश्रामबागकर
मला गाडी शिकवू नका.

विट्याचा फिटर
ते बरोबर बोलतायत, भाऊ. माझ्याकडं अशा तक्रारीच्या गाड्या येतात, अर्ध्यांचे प्लग गेलेले असतात. पण नळ्या कडक होऊन चिरलेल्याही मी बदलल्यात, तेही खोटं नाही. उंब्रजकर, घेतल्यावर फ्युएलच्या रबरी नळ्या तेवढ्या नव्या टाका. फार खर्च नाही.

कोरेगावची सून
अहो, त्यांचे बाबा डायलिसिसवर आहेत आणि इथं ऊस-मका चाललंय!

कागदांचं बोला. २०१३ची गाडी म्हणजे २०२८ला १५ वर्षं भरतात. तेव्हा फेरनोंदणी, फिटनेस, हरित कर. एप्रिल २०२२पासून चारचाकीची फेरनोंदणी फी ६०० वरून ५,००० झालीय. दंडाच्या पावत्या आधी मालकाकडून भरून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज करा. आम्ही आळस केला आणि ठोकर झाल्यावर क्लेम मिळाला नाही.

शेंद्रेकर
२२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झालाय. नवी आता स्वस्त आहे, हे कुणीच बोललं नाही. वॉरंटी असते. बाबांसाठीच घ्यायची तर खात्रीची घ्या.

उंब्रजकर
दादा, स्वस्त झाली तरी हप्ता आहेच. आणि डायलिसिसला सुट्टी नसते. एखाद्या महिन्यात पगार लांबला तर बँक थांबेल का? जुनी बंद पडली तर फिटर येईल, एक दिवस रिक्षा करून नेईन. हप्ता चुकला तर दारातली गाडीच जाईल.

शेंद्रेकर
हप्त्याचं बरोबर आहे. तेवढंच. दोन वर्षं मीही चिमटा काढून भरले. घेणारच असाल तर फिटरला सोबत न्या, आणि वर्कशॉपची नोंद जुळली नाही तर दहा हजार कमी करतो म्हणाले तरी घेऊ नका.

उंब्रजकर
मघाशी मालकांना फोन केला. २०१९ला ते विश्रामबागेत भावाकडं वरच्या मजल्यावर राहायला गेले होते, गाडी आधीच तासगावला नेऊन लावली होती म्हणाले. सीटबेल्ट ओढून बघणारच. रविवारी सकाळी सातला जातोय. गाडी चालू करून ठेवू नका असं सांगितलंय, ते "बरं" म्हणाले.

विट्याचा फिटर
रविवारी मोकळा आहे. साडेसहाला सांगली स्टँडवर उभा राहतो.